धुतलेला गोळा

क्षेत्रकार्याच्या गावांचं वाटप चाललं होतं. शेटे सर एकेक नाव वाचत होते. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी कागदावरून मान वर केली आणि खूप आपुलकीनं म्हणाले, "बनसोडे, तुम्हाला शिराळ्याकडचं गाव देतोय. तिथं तुमच्या समाजाची चांगली वस्ती आहे. रॅपो लवकर जमेल."

रॅपो म्हणजे लोकांशी जमणं. समाजकार्याच्या पदवीत हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आमच्या एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात सगळ्या प्रकारची मुलं होती, पण त्यांच्या समाजाची वस्ती कुणालाही शोधून दिली नव्हती. त्यांना गावं मिळाली. मला वस्ती मिळाली.

"सर, मला अख्खं गाव मिळेल का?" मी विचारलं. "वस्ती त्यात येईलच."

वर्ग हसला. सरही हसले. "बरं, अख्खं गाव घ्या. ग्रामीण युवती गट असं लिहितो."

मी लोणंदची. वडील रेल्वेत गँगमन होते. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग सांगलीला समाजकार्याच्या पदवीसाठी आले. तरफेचं एक टोक वर उचललं तर दुसऱ्या टोकावर काय होतं हे मला सांगता येत होतं. माणसांच्या बाबतीत ते सांगता येत नव्हतं, आणि ते शिकायचं होतं. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्याचे. सांगलीहून सकाळची एसटी, इस्लामपूरला गाडी बदलायची, शिराळ्याच्या पुढं उसातून जाणारा रस्ता, आणि वारणेच्या बाजूचं ते गाव. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

शहाण्णव साल होतं. पोलीस भरतीत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव झाल्याला फार दिवस झाले नव्हते. त्यामुळे 'मुलींनो, तुम्हाला काय हवंय?' हा आमच्या पुस्तकातला पहिला प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर तयारच होतं. भरतीची तयारी. मी शिवणकामाचे आणि पापडाचे कागद पिशवीतच ठेवले.

गटात दोघी पुढे होत्या. एक पूजा. सरपंच लालासाहेबांची मुलगी, उंच, खांद्यात ताकद. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. ऊस बराच, आणि गावच्या तालमीचे अध्यक्षही तेच. दुसरी पिंकी. वस्तीतल्या यल्लाप्पा आणि बायडाबाईंची थोरली. पिंकी पळायला लागली की बाकीच्या पोरी मागे वळून बघितल्यासारखं करायच्या, जणू आपणच मुद्दाम हळू पळतोय. गेल्या वर्षी ती सांगलीच्या भरतीला गेली होती. धावण्यात वर होती, लांब उडीत पास होती आणि गोळाफेकीत गेली. कारण तिनं आयुष्यात कधी लोखंडी गोळा हातात धरलाच नव्हता. नदीतला गोल दगड फेकून तिनं तयारी केली होती.

"दगुड हातात बसतोय, ताई," ती मला म्हणाली. "गोळा निसटतोय. पयल्यांदा हातात घेतला तवाच कळलं, गेलं म्हणून."

या वर्षीची भरती तिची शेवटची, असं आईनं बजावलं होतं. नाही झालं तर आटपाडीचं एक स्थळ होतं. पिंकीला ते स्थळ नको होतं. तिला वर्दी हवी होती, आणि वर्दी आणि तिच्या मध्ये फक्त तो गोळा होता.

गोळा तालमीत होता. दोन होते. एक मोठा पुरुषांचा, आणि एक लहान, शाळेतल्या पोरांसाठी आणलेला. तो लहान गोळा मुलींच्या भरतीत असतो तेवढ्याच वजनाचा होता. मी लालासाहेबांच्या सोप्यात बसून तो मागितला.

"घ्या की, ताई," ते लगेच म्हणाले. "पोरी म्होरं गेल्या पायजेत. फौजेत बगितलंय मी. ऋषिराज, रोज सांजचं ह्यांस्नी गोळा काढून दे, आन परत आत ठिवायचं कामबी तुजंच."

ऋषिराज म्हणजे पूजाचा भाऊ. तालीम तोच बघायचा. बायका तालमीत जात नाहीत, आत लाल माती आणि मारुती. तेव्हा तो दारात गोळा आणून द्यायचा आणि आम्ही समोरच्या मैदानात फेकायचो. मी खूश होते. पहिल्या अहवालात मी लिहिलं, 'स्थानिक नेतृत्वाचे उत्तम सहकार्य.'

गोळा कसा फेकायचा ते मी शिकवलं. मला खेळ येत नव्हता, पण कोन येत होता. पोरी गोळा एक तर सरळ पुढे ढकलायच्या, नाही तर आकाशात उडवायच्या. मी हात तिरका धरून दाखवला. "पंचेचाळीस अंशांच्या थोडं खाली. कारण गोळा जमिनीवरून सुटत नाही, खांद्यावरून सुटतो."

"ताई, खांद्याला गणित घालताय व्हय?" पूजा म्हणाली.

"घालून बघ."

तिचा गोळा त्या दिवशी हातभर पुढे गेला. पिंकीचा त्याहून पुढे. मग पोरींनी मलाही फेकायला लावला. माझा गोळा माझ्याच पायापाशी पडला आणि सगळ्या जमिनीवर बसून हसल्या.

सराव संपला की ऋषिराज गोळा उचलायचा, तालमीच्या दाराशी हौद होता, त्यातलं पाणी तांब्यानं घेऊन गोळा धुवायचा आणि आत ठेवायचा. तसाच ओला. मला तो चांगला पण थोडा अडाणी वाटला. लोखंड धुऊन ओलं ठेवलं तर गंजणार. मी जवळ जाऊन त्याला समजावलं. "धुऊ नका. कोरड्या फडक्यानं पुसा आणि थोडं तेल लावा. नाही तर पृष्ठभाग खरबरीत होईल."

ऋषिराजनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. तालमीतला भाऊसो नावाचा पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तो खाली बघून हसला. "व्हय ताई," ऋषिराज म्हणाला. "लावू की तेल."

पुढच्या खेपेलाही त्यानं गोळा धुतला.

मला उत्सुकतेचा रोग आहे. गोष्ट जुळत नाही म्हटल्यावर मी ती सोडू शकत नाही. मी बघत राहिले. एके दिवशी पिंकी वैरणीला गेली होती, आली नाही. परतीचा पाऊस पडून गेलेला. पूजा आणि इतर पोरींनी चिखलात गोळा फेकला. गोळ्याला बोटभर चिखल चिकटला होता. ऋषिराजनं तो हातानं निपटला आणि तसाच आत नेला. धुतला नाही. म्हणजे चिखलाचा संबंध नव्हता. आणि बायकांचाही नव्हता, कारण त्या दिवशी सगळ्या पोरीच होत्या.

दुसऱ्या दिवशीही पिंकी नव्हती. ऊन पडलं होतं, मैदान वरून वाळलं होतं. एका पोरीला कोन समजत नव्हता म्हणून मी स्वतः एकदा गोळा फेकून दाखवला. फक्त एकदा. सराव संपला, ऋषिराज आला, त्यानं कोरडा, स्वच्छ गोळा उचलला आणि हौदावर नेऊन धुतला.

प्रयोगशाळेत एखादं निरीक्षण अचानक जुळतं तेव्हा आनंद होतो. मला तो सवयीनं झालासुद्धा, अर्धा क्षण. मग कानशिलं तापली. मी या माणसाला तेल लावायचा सल्ला दिला होता. माझ्याच हाताचा स्पर्श तो धुऊन काढत होता आणि मी त्याला गंजाचं रसायनशास्त्र सांगत होते.

"ऋषिराज," मी म्हणाले, "काल गोळा चिखलात बरबटला होता. काल नाही धुतला. आज का धुतला?"

तो थांबला.

"ताईंची नजर लय बारीक हाय, गड्या," भाऊसो म्हणाला.

"रिवाज हाय, ताई, तालमीचा," ऋषिराज म्हणाला. "आत मारुती हाय."

"मारुती काल नव्हता का?"

"आवं, आमी कुनाला आडवलंय का? मैदान दिलंय, गोळा दिलाय."

"कुणाच्या हातानंतर धुवायचा, तेवढं सांगा."

"तुमास्नी ठावं हाय की." त्याचा आवाज खरोखर अजीजीचा झाला होता. "कशाला बोलाय लावताय?"

ह्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. धुणारा तो, आणि बोलायला लावून त्याला अवघडवणारी मी.

पूजा माझ्याकडेही बघत नव्हती आणि भावाकडेही बघत नव्हती. ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. मी त्यांच्या घरी कितीदा चहा प्यायले होते. बनुबाई, म्हणजे पूजाची आई, मला 'ये गं बाय' म्हणून बसवायची, चांगल्या कपात चहा द्यायची. माझा कप नंतर कुठे जातो ते मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहावंसं वाटलं. आणि मी, जी प्रत्येक गोष्ट बघते, ती त्यानंतर त्या घरात मोरीच्या दिशेला एकदाही बघू शकले नाही.

मी सगळं अहवालात लिहिलं. कोणत्या परिस्थितीत गोळा धुतला गेला, कोणत्या नाही, कोणत्या शक्यता तपासल्या, कोणती उरली. माझ्या दृष्टीनं तो त्या वर्षातला माझा सगळ्यात नीट अहवाल होता.

शेटे सर पाहणीला आले ते लालासाहेबांकडे जेवले. भरलं वांगं, भाकरी, घट्ट दही. जेवून सोप्यात तक्क्याला टेकले आणि माझा अहवाल वाचायला घेतला. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"बनसोडे, हे निरीक्षण नाही. अनुमान आहे."

"सर, बाकीच्या शक्यता वगळून काढलेलं अनुमान आहे."

"तुमची भावनिक गुंतवणूक झालीय. तुम्ही त्यात स्वतःला घातलंत."

"मी घातलं नाही, सर. त्यांनी घातलं. गोळा माझ्या हातानंतर धुतला."

"हळू बोला." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "आपण समन्वय करायला येतो, संघर्ष पेटवायला नाही. उद्या आपल्या दुसऱ्या विद्यार्थ्यांना या गावात कोण उभं करेल? असं लिहा: 'युवकांमध्ये क्रीडासाहित्याच्या स्वच्छतेची जाणीव दिसून आली.' खोटं आहे का यात काही?"

मी त्या वाक्यात खोटं शोधलं. एकही शब्द खोटा नव्हता. दोन वर्षं ज्यासाठी फी भरून आम्ही बसतो ती विद्या ही होती, तर मला आमच्या गावच्या रुळांवरचा हातोडा बरा होता. रूळ तडकला असेल तर तो हातोडा वेगळा वाजतो. त्याला कुणी म्हणत नाही की गोड वाज.

लालासाहेब आतून सुपारी कातरत आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "ताई, एवड्याशा गोष्टीचा बोभाटा नको," ते समजुतीनं म्हणाले. "मी त्या पोरीला नवा गोळा आनून देतो. माज्या पदरचा. वस्तीतच ऱ्हाऊ द्या. तितं समाजमंदिराम्होरं जागा हाय, फेकू द्या पायजे तेवडा. आमचा आमच्यापाशी, तिचा तिच्यापाशी. कुनाची कटकट न्हाई."

"वा!" शेटे सर सरळ बसले. "बघा, बनसोडे. लोकांनी स्वतःहून तोडगा काढला. हेच आपलं समुदाय संघटन."

मी उठले. चप्पल घातली आणि सरळ वस्तीकडे चालू लागले.

पिंकी घरामागे वैरण तोडत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "घेऊ नकोस तो गोळा. हा उपकार नाही, हा अपमानच आहे, नवा कोरा."

तिनं कोयता खाली ठेवला. "भरती दिवाळी झाली की हाय, ताई. मग मी काय फेकू? पुन्हा दगुड?"

"पण तुला कळतंय ना ते काय करतात?"

"मला आज कळलं व्हय?" ती म्हणाली. "पयल्या दिवसापासनं धुत्यात. घरला जाताना मी रोज वळून बगायची, धुतोय का न्हाई म्हणून."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले आसते तर गोळा आतच ऱ्हायला आसता. हातात आसतोय तवर त्यो माजाच आसतोय की." मग तिला काहीतरी आठवलं आणि तोंडावर ओढणी धरून ती हसायला लागली. "तुमीच त्याला म्हनाला, तेल लावा. आईला सांगितलं तर आई चुलीम्होरं हासून हासून आडवी झाली."

आतून बायडाबाईंचा आवाज आला. "आगं, ताईंस्नी असं बोलू न्हाई." आणि पुढे तिथंही हसूच.

मला हसू आलं नाही. मला तिचा राग आला, मग माझा आला, आणि शेवटी जिथं यायला हवा तिथंच तो परत गेला. पण गोळा तिला फेकायचा होता, मला नाही. आमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे की निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यावा. पुस्तकातली तेवढी एक गोष्ट मला त्या गावात खरी सापडली.

नवा गोळा आला. काळा, गुळगुळीत. पिंकी समाजमंदिरापुढे सकाळ-संध्याकाळ फेकायला लागली. मी गेले की खूण करायचे, कोन बघायचे. पल्ला वाढत होता.

एका संध्याकाळी पूजा वस्तीत आली. एकटी. चप्पल हातात, जणू पळतच आली होती.

"आमचा गोळा खरबरीत झालाय," ती पिंकीला म्हणाली आणि तळहात दाखवला. बोटांच्या पेरांवर साल निघालं होतं. "गंजलाय पार. फेकू का तुजा?"

पिंकीनं गोळा तिच्याकडे सरकवला. पूजानं फेकला. छान गेला. पिंकी धावत जाऊन तो घेऊन आली, दोन्ही हातांत धरला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आई, तांब्या आन गं. ह्यो धुवायला लागंल."

पूजाचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "धू की. गंजंल तुजाच."

आणि दोघी हसल्या. पूजाला हसता हसता रडू आलं, ते तिनं कोपरानं पुसलं आणि पुन्हा गोळा फेकला.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा पूजा आली नाही. मी तिच्या घरी गेले. बनुबाई दारातच उभी होती, या वेळी 'ये गं बाय' नव्हतं.

"पूजाला बरं न्हाई."

तिच्या खांद्यावरून मागे पूजा दिसत होती. परसात उभी राहून ज्वारी पाखडत होती. सुपाच्या फटक्यात काही आजार नव्हता. तिनं मला पाहिलं आणि सूप तसंच हातात धरून उभी राहिली.

"भरतीला यायचंय ना तिला?" मी विचारलं.

"तिचं बाबा म्हनत्यात, नको आता. पोरीनं कुठंबी जाऊन कुनाच्याबी हातचं काईबी घ्यावं, ह्यासाटी भरती न्हाई." बनुबाईनं दार ओढून घेतलं. जोरात नाही. हळूच, आवाज न करता.

शेटे सरांचं वाक्य मी अहवालात घेतलं नाही. त्यांनी ते स्वतःच्या हातानं माझ्या अहवालाच्या शेवटी लिहिलं, आणि क्षेत्रकार्याला मला जेमतेम पास केलं. शेरा होता, 'वस्तुनिष्ठतेचा अभाव.'

दिवाळीनंतर सांगलीला पोलिसांच्या मैदानावर भरती झाली. मी वसतिगृहातून तिथं गेले. पिंकी आणि बायडाबाई पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. मैदानाच्या कडेला दोर बांधलेला, त्याच्या अलीकडे नातेवाईक. धावणं झालं, उडी झाली. मग गोळा.

चुन्याच्या वर्तुळापाशी एक हवालदार कागदावरून नाव पुकारत होता. दुसरा एक शिपाई गोळा पडला की तो उचलून आणायचा, गोणपाटाच्या तुकड्यानं धूळ पुसायचा आणि पुढच्या मुलीच्या हातात द्यायचा.

"पूजा लालासाहेब," हवालदारानं पुकारलं.

पिंकीनं मान वळवून फाटकाकडे पाहिलं. हवालदारानं पुन्हा नाव पुकारलं. रांगेतून कुणी पुढे आलं नाही. पुसलेला गोळा शिपायाच्या हातात तसाच राहिला.

"गैरहजर," हवालदार म्हणाला आणि त्यानं रेघ मारली.

तेवढंच. हातभर पुढे, तळहाताची सालं काढत काढत ती पोरगी जिथवर आली होती, ते सगळं एका रेघेत गेलं; आणि हे सरांच्या समन्वयात कुठंच लिहिलं जाणार नव्हतं.

मग पिंकीचं नाव आलं. ती वर्तुळात शिरली. गोळा मानेशी टेकवला, खांदा खाली घेतला. गोळा सुटला तेव्हा कोन किती होता ते मला इतक्या लांबून सांगता आलं नसतं, पण तो निसटला नाही. तिनंच सोडला. गेल्या वर्षी ज्या रेषेच्या अलीकडे तो पडला होता, तिच्या चांगला पलीकडे जाऊन धूळ उडाली. बायडाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला.

पिंकी दोराखालून वाकून आमच्याकडे आली. धापा टाकत होती, डोळे मोठे झाले होते. तिनं मागे वळून त्या शिपायाकडे पाहिलं. तो तिचा गोळा उचलून आणत होता. गोणपाटानं पुसायला लागला.

"ताई," ती माझ्या कानाशी म्हणाली, "त्याला सांगा की, तेल लावा म्हणून."

बायडाबाई हसल्या. मी हसले नाही. पुढची मुलगी वर्तुळात आली होती, कुठली, कुणाची, मला माहीत नव्हतं. तिनं गोळा फेकला. तिच्यानंतरही तो गोळा पुसतात का, ते मी बघत होते.